तीन नंबर म्हणजे किती?

(नभोवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

पायातल्या वहाणेचा नंबर विचारला तर आपण चटकन सात, आठ असं काहीतरी सांगतो. दुकानदार खोकं काढतो आणि त्यावर एकेचाळीस लिहिलेलं असतं. आपण गोंधळतो, पण पाय घालून बघतो आणि काम होतं. दुकानात पाय सोबत असतो, म्हणून नंबर चुकला तरी बिघडत नाही. मी आज ज्या नंबराबद्दल बोलणार आहे तो वापरायची वेळ येते तेव्हा माणूस कड्यावर एका हाताने लटकत असतो आणि दुकान पन्नास कोस लांब असतं.

मी महाडचा. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात देखभाल विभागात फिटर म्हणून आयुष्य काढलं. सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीचे कडे चढायचे हा दुसरा उद्योग. आमच्याकडे त्यासाठी लांब जावं लागत नाही. रायगडावर उभं राहिलं की पूर्वेला लिंगाणा दिसतो. समुद्रसपाटीपासून जवळजवळ तीन हजार फूट, आणि वरचा भाग असा सुटा उभा की बघणाऱ्याच्याच पोटात गोळा यावा. दक्षिणेला पोलादपूरकडे वळलात की चंद्रगड, कांगोरी आणि त्यांच्यामागे महाबळेश्वरच्या पठाराची उभी भिंत. त्याच तालुक्यात उमरठ, तानाजी मालुसऱ्यांचं गाव. लहानपणी आम्हाला यशवंती घोरपडीची गोष्ट सांगत. ती दंतकथा असेल, पण मला मोठेपणी तिच्यात एक गंमत दिसली. घोरपडीला दोर बांधला हे सगळ्यांना ठाऊक आहे. दोर किती हात लांब होता आणि घोरपड कुठल्या कपारीत रुतली हे कुणीच सांगत नाही. हिरकणीचंही तेच. ती रायगडावरून उतरली, बुरुजाला तिचं नाव मिळालं, वाटेचं वर्णन मात्र नाही. आपल्याकडे पराक्रम सांगायची रीत आहे, वाट सांगायची कमी.

आम्ही कडे चढणाऱ्यांनी ती रीत थोडी बदलली. एखादा नवा मार्ग चढला की त्याचा कागद करायचा: किती टप्पे, प्रत्येक टप्पा किती उंच, कुठे मेख, कुठे बोल्ट, कुठे कसलं सामान लागेल. पुढच्या तुकडीला तो कागद द्यायचा. पूर्वी कार्बन लावून, मग झेरॉक्स काढून, आता फोनवर फोटो काढून. असे बरेच कागद मी लिहिले. त्यातल्या एका कागदातल्या एका ओळीबद्दल मला बोलायचं आहे.

ओळ अशी होती: ‘तिसऱ्या टप्प्यात डावीकडच्या भेगेत तीन नंबरचा फ्रेंड. पुढे सोपे.’

फ्रेंड म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण ऐकणारे सगळे काही कडे चढत नाहीत. कातळात भेग असेल तर पूर्वी तिच्यात लोखंडी मेख ठोकत. मेखेत कडी, कडीतून दोर. वर चढणारा पडला तर खालचा साथीदार दोर धरून ठेवतो आणि मेख त्याला तोलते. पुढे लोकांच्या लक्षात आलं की ठोकाठोकी न करताही भागतं. भेगेत अरुंद जागेच्या वर एखादा लोखंडाचा तुकडा अडकवला की खाली ओढल्यावर तो घट्ट बसतो. १९५०च्या दशकात वेल्समधले गिर्यारोहक स्नोडनच्या छोट्या आगगाडीच्या रुळांजवळ पडलेले नट उचलायचे, आतले आटे घासून काढायचे, त्यातून दोरी ओवायची आणि ते भेगेत अडकवायचे. आम्हा फिटर लोकांना हे फार आवडतं. म्हणून त्या अडकवायच्या तुकड्यांना आजही इंग्रजीत नटच म्हणतात.

पण दोन्ही बाजू समांतर असलेल्या भेगेत नट राहत नाही, सुळकन बाहेर येतो. त्यावर रे जार्डिन या अमेरिकन माणसाने तोड काढली. एका दांड्यावर स्प्रिंग लावलेल्या वक्र पाकळ्या. चाप ओढला की पाकळ्या मिटतात, भेगेत सारून चाप सोडला की उघडतात आणि दोन्ही भिंतींना टेकतात. खाली जितकं ओढाल तितक्या त्या भिंतींवर जास्त दाबतात. १९७८मध्ये हे इंग्लंडमध्ये विक्रीला आलं, नाव ‘फ्रेंड’. मोठा गुणी मित्र, पण त्याची एक अट आहे. तो ठरावीक रुंदीतच चालतो. भेग त्याच्यापेक्षा अरुंद असेल तर आत जात नाही; फार रुंद असेल तर पाकळ्या जेमतेम टेकतात आणि झटका बसला की सुटतात. म्हणून तो वेगवेगळ्या आकारांत मिळतो, आणि आकारांना नंबर असतात.

इथेच घोळ आहे. फ्रेंड निघाल्यावर दुसऱ्या कंपन्यांनीही तसलीच उपकरणं काढली. कॅमेलॉट, मेटोलियस, ड्रॅगन आणि कितीतरी. प्रत्येकाने आपापले नंबर लावले. किती वजन पेलेल ते किलोन्यूटनमध्ये उपकरणावर कोरलेलं असतं, त्याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. नंबर कसा द्यायचा याला नियम नाही. साधारण पाच सेंटिमीटरची भेग घ्या. तिच्यात जुना फ्रेंड तीन नंबरचा बसतो, कॅमेलॉट दोन नंबरचा बसतो आणि ड्रॅगन चार नंबरचा बसतो. भेग तीच. आणि रंग सांगून सुटका होईल म्हणाल तर तेही नाही. कॅमेलॉटचा दोन नंबर पिवळा असतो, मेटोलियसचा दोन नंबरही पिवळाच असतो. पहिला पंजाएवढ्या भेगेसाठी, दुसरा बोटाच्या पेराएवढ्या. दोघंही पिवळे, दोघंही दोन! २०१६मध्ये फ्रेंडवाल्यांनी नवे फ्रेंड काढले, त्यांना कॅमेलॉटचेच नंबर आणि रंग दिले. घोळ कमी व्हावा हा हेतू चांगलाच, पण त्यामुळे आता ‘फ्रेंड तीन’ म्हटलं की जुना तीन की नवा तीन हेही विचारावं लागतं.

त्यात आमची बोलायची सवय. वनस्पती तुपाला जसं घराघरात डालडा म्हणायचे, तसं आमच्या मंडळींत पाकळ्यांच्या प्रत्येक उपकरणाला फ्रेंडच म्हणतात, मग कंपनी कुठलीही असो.

मी तो कागद लिहिला पंचवीसएक वर्षांपूर्वी. आमच्याकडे तेव्हा जुने फ्रेंड होते, तेही तीनच, मुंबईच्या एका मित्राकडून उसने आणलेले. त्यातला तीन नंबर त्या भेगेत छान बसला. मी तसं लिहिलं. कडा पोलादपूरच्या वरच्या अंगाला आहे. नाव सांगत नाही. आग्या मोहळं आहेत आणि वाट घसाऱ्याची आहे, नाव ऐकून उद्या कुणी निघायला नको.

काही वर्षांपूर्वी पोलादपूरची एक मुलगी आणि तिचा साथीदार तो कागद घेऊन गेले. मुलगी पुढे होती. चांगली चढते, माझ्यापेक्षा तर नक्कीच. आदल्या रात्री पाठपिशवी भरताना त्यांनी कागद समोर ठेवला होता. त्यांच्याकडचं सगळं सामान कॅमेलॉटचं. वजन कमी करायचं म्हणून कागदात नसलेलं बाजूला काढलं. दोन नंबरचा तुकडा घरी राहिला, तीन नंबरचा सोबत घेतला.

तिसऱ्या टप्प्यात ती त्या भेगेपाशी पोहोचली. कट्ट्यापासून नऊ मीटर वर. त्याआधीची मेख सात मीटर खाली, कट्ट्याच्या जरा वर. हिशेब करा. शेवटच्या आधारापासून सात मीटर वर असलेला माणूस पडला तर दोर ताणला जाईपर्यंत चौदा मीटर खाली येतो. कट्टा नऊ मीटरवर. म्हणजे दोर असून नसल्यासारखा. तिने डावा पंजा भेगेत आडवा घातला, फुगवला, त्यावर भार दिला आणि उजव्या हाताने तीन नंबरचा कॅमेलॉट काढून चाप पूर्ण ओढला. गेला नाही. फिरवून पाहिला, वर पाहिला, खाली पाहिला. दोनतीन मिलिमीटरांनी अडत होता. ‘पुढे सोपे’ हे मी लिहिलेलं होतंच, पण पुढे जाऊन आणखी उंचावरून पडण्यात अर्थ नव्हता. ती खाली उतरली. सात मीटर उतरायला पाऊण तास लागला. चढण्यापेक्षा उतरणं अवघड, पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आमच्या घरी आली. डाव्या हाताच्या मागच्या बाजूची साल गेली होती, त्यावर हळद लावलेली. टेबलावर तिने माझा कागद ठेवला, शेजारी तो निळा कॅमेलॉट.

‘काका, तुमचा तीन नंबर कुठला?’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला कळलं. माझ्या हातात तेव्हा जो तुकडा होता तोच माझ्या लेखी जगातला तीन नंबर होता. ती रागावली नव्हती, हे जास्त लागलं. तिने वहीत सगळं टिपून आणलं होतं. म्हणाली, ‘भेग पाचाच्या आत आहे. हा पाचाच्या खाली मिटतच नाही.’ खरंच आहे. कॅमेलॉटचा तीन नंबर पूर्ण मिटवला तरी ५०.७ मिलिमीटरच्या खाली जात नाही.

मी तीस वर्षं कारखान्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी पोरांना ओरडलो आहे. बेअरिंगचा नंबर लिहा, कंपनी लिहा, शाफ्टचा व्यास लिहा. नुसतं ‘मोठं बेअरिंग’ असं कुणी मागणीपत्रावर लिहिलं तर मी ते फाडून परत द्यायचो. आणि ज्या कागदावर कुणाचा जीव टांगणार होता तिथे मी ‘तीन नंबर’ लिहून मोकळा झालो होतो.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं गेलो. माझ्या खिशात व्हर्निअर कॅलिपर. पायथ्याच्या वाडीतले एक दादा मध गोळा करतात, ते वाट दाखवायला बरोबर आले. मी त्यांना ते यंत्र दाखवलं तर हसले. कट्ट्याशेजारी तसलीच एक लहान भेग आहे, तिच्यात बोटं घालून म्हणाले, ‘तीन बोटं, बास की.’ वर जाऊन मुलीने मोठी भेग मोजली: तोंडाशी ४८ मिलिमीटर, वीतभर आत ४४. खाली आल्यावर आम्ही सगळ्यांनी आपापली तीन बोटं मोजली. दादांची ५८, माझी ५५, तिची ४६. तीन बोटं म्हणजे किती, तर बोटं कुणाची त्यावर.

तरीसुद्धा दादांचं माप टाकून द्यावंसं मला वाटत नाही. कड्यावर खिशातून व्हर्निअर कुणी काढत नाही. हाताला जे समजतं ते डोक्याच्या आधी समजतं. बोट, मूठ, वीत, हात, विहिरीच्या खोलीला परस, ही मापं आपल्या जुन्या माणसांनी उगाच धरली नव्हती. गवंडी आणि सुतार आजही सुतात बोलतात. इंचाचे आठ सूत. आमची भेग त्यांच्या हिशेबात पंधरा सूत. हार्डवेअरच्या दुकानात तीन सुती बार मागितला की महाडात आणि मालेगावात एकच बार मिळतो. कासाराकडे जा. दोन-चारची बांगडी म्हणजे दोन इंच आणि इंचाचे सोळा भाग करून त्यातले चार, म्हणजे आतून सव्वादोन इंच. कोल्हापूरचा कासार असो की पोलादपूरच्या बाजारातला, दोन-चार म्हणजे दोन-चार. नंबर दिसायला साधा, पण त्याच्या पोटात इंच आहे. फ्रेंडच्या नंबराच्या पोटात काहीच नाही, ती नुसती हजेरीपटावरची रांग आहे. एवढं समजायला मला साठी उलटावी लागली.

आम्ही कागद नव्याने लिहिला. तिसऱ्या टप्प्याची ओळ आता अशी आहे: ‘कट्ट्यापासून ९ मीटरवर डाव्या हाताला उभी भेग, हातभर लांब. तोंडाशी ४८ मिमी, वीतभर आत ४४ मिमी, बाजू समांतर. मध्यम पंजा आडवा घट्ट बसतो. कॅमेलॉट २ किंवा जुना फ्रेंड ३. कॅमेलॉट ३ जात नाही. याआधीचा आधार ७ मीटर खाली.’ ‘पुढे सोपे’ हे शब्द तिने काढायला लावले. मी विचारलं, अगं, सोपंच आहे ना पुढे? म्हणाली, ‘काका, तुमची उंची पाच-दहा. माझा हात त्या खाचेला पोहोचत नाही.’ मग खाचेची उंची लिहिली.

‘कॅमेलॉट ३ जात नाही’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त आवडतं. काय लागतं ते सगळेच लिहितात. काय चालत नाही ते लिहायला आधी कुणीतरी तिथे अडकलेलं असावं लागतं.

भेगेचं माप एकदा लिहिलं की कायमचं झालं असंही नाही. कॅलिफोर्नियात योसेमिटी नावाची कड्यांची दरी आहे. तिथल्या ग्रॅनाइटच्या बारीक भेगांमध्ये वर्षानुवर्षं मेखा ठोकल्या, उपटल्या, पुन्हा ठोकल्या. काही भेगांना बोटं जातील एवढी भोकं पडली. इव्हॉन शुइनार्ड हा स्वतः मेखा घडवणारा लोहार, त्याचा धंदाच तो. त्याने १९७२मध्ये आपल्या मालाच्या यादीत लोकांना सांगितलं की मेखा ठोकणं कमी करा, नट वापरा. आपला बेसाल्ट वेगळा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, मध्ये कुठे लाल मातीचा पट्टा, कुठे भुसभुशीत, कुठे खणखणीत. भेगा कमी आणि बऱ्याच उथळ. वरून आमचा पाऊस. चार महिन्यांत भेगेत माती बसते, गवत उगवतं, आणि नोव्हेंबरात जाणाऱ्याला ४८ मिलिमीटरऐवजी तीस दिसते. म्हणून कागदावर मोजल्याचा महिना आणि वर्षही घातलं, आणि माती खरवडायला काहीतरी न्या असंही. बोल्टचं तसंच. लिंगाण्यावर आता बोल्ट आहेत, पण बोल्ट आहे एवढं पुरत नाही. आठ मिलिमीटरचा की दहाचा, साधा की स्टेनलेस, कुठल्या साली मारला. कोकणाच्या हवेत लोखंडाचं काय होतं ते घराच्या खिडकीचे गज बघून कळतं.

हे सगळं हौशी लोकांचं, आपल्याला काय, असं वाटेल. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली तेव्हा आसपासचे गिर्यारोहक भर पावसात दोर घेऊन खाली उतरले होते. अशा वेळी वेगवेगळ्या गावचे गट एकत्र येतात, प्रत्येकाचं सामान वेगळं. वरून कुणी ओरडलं ‘मोठा दोर सोडा’, तर मोठा म्हणजे जाड की लांब? ‘अकरा मिलिमीटर, पन्नास मीटर’ म्हणायला दोन सेकंद जास्त लागतात. चुकीचा दोर खाली गेला तर तो परत ओढून दुसरा सोडायला किती वेळ जातो ते दरीत उभ्या असलेल्या माणसाला विचारा.

आता राहिला जुना कागद. नवा मी पन्नासएक जणांना पाठवला. पण जुन्याच्या झेरॉक्स पंचवीस वर्षं फिरताहेत, त्यांचे फोटो फोनमधून फिरताहेत, आणि त्यावर माझं नाव असल्यामुळे लोक विश्वास ठेवतात. तो परत कसा मागवायचा हे मला सुचलेलं नाही, म्हणूनच नभोवाणीवर बोलायला हो म्हटलं. तो ओळखायला सोपा आहे. डाव्या कोपऱ्यात मी पेनाने कड्याचं चित्र काढलं आहे, ते कड्यापेक्षा कोयत्यासारखं जास्त दिसतं. खाली चार टप्पे लिहिले आहेत. तुमच्याकडे, तुमच्या भावाकडे, कॉलेजच्या गिर्यारोहण मंडळाच्या कपाटात तो असेल तर तिसऱ्या टप्प्यातलं ‘तीन नंबरचा फ्रेंड’ खोडा आणि शेजारी ४८ मिलिमीटर लिहा. ‘पुढे सोपे’ हेही खोडा.